मैनेची खोड

अग्रहार, म्हैसूर
ता. २ सप्टेंबर १९११

चिरंजीव फत्तेसिंग यास,

बापाचं पत्र म्हणून फाडून टाकू नकोस, आईसाठी तरी वाच. तुझा पत्ता वेंकोजीरावांच्या थोरल्याकडून काढला. कोलारला सोन्याच्या खाणीत उतरतोस म्हणे. आपल्या घराण्यातले सगळे घोड्याच्या पाठीवर म्हातारे झाले आणि तू पिंजऱ्यात बसून जमिनीच्या पोटात जातोस. तुझी मर्जी. मी काही म्हणत नाही.

घर झालं, ते कळवायला लिहितो. कुक्करहळ्ळीच्या केरेवर, तळ्याच्या बांधापासून दोनशे पावलं. पुढे ओटा, आत तीन खोल्या, मागे एक सुटी खोली, परसात विहीर. ओट्यावर बसलं की अख्खं तळं समोर. मालक तिरुमलराव दर दसऱ्याला ते बाहेरगावच्या पाहुण्यांना भाड्याने देतात. यंदाचे पाहुणे आधीच ठरलेत, त्यामुळे ताबा दसऱ्यानंतर, आणि कागदही तेव्हाच. तुझी आई बावीस वर्षं या अग्रहारात दुसऱ्याच्या मागच्या दारी दोन खोल्यांत राहिली. खिडकीतून पाणी दिसेल असं घर हवं, एवढंच काय ते तिने तोंड उघडून मागितलं. तेही एकदाच. तू पोटात होतास तेव्हा.

आता तुझ्या रागाचं. आपली घोडी मैना विकली म्हणून तुझी रिसाल्यातली जागा गेली, हे खरं. शिलेदाराने स्वतःचं घोडं आणायचं, घोडं नाही तर जागा नाही. लोकांना मी तेच सांगितलंय, की जागा गेली म्हणून पोरगा रुसून गेला. आईलाही तेच सांगितलंय. कोणी विचारलं तर तूही तेच सांग.

तुझ्या-माझ्यातलं वेगळं आहे, ते मला कळतं. आपल्यात जनावर कसं विकतात ते तुला शिकवायला नको, तरी लिहितो. रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी भाव ठरवायचा. मग घेणाऱ्याने एकदाच विचारायचं, "खोड?" विकणाऱ्याने असेल ती खोड सांगायची, नसेल तर बेखोड म्हणायचं, आणि लगाम हातात द्यायचा. त्यानंतर दोघांनीही तोंड उघडायचं नाही. कागद नाही, साक्ष नाही. तिरुमलराव झटक्यांचा, भाड्याच्या घोडागाड्यांचा धंदा करतात, त्यांच्या तबेल्यात नऊ जनावरं आहेत, त्यांना ही रीत पक्की ठाऊक. त्यांनी विचारलं. मी बेखोड म्हणालो. लगाम तुझ्याच हातात होता, तू माझ्याकडे पाहिलंस.

घरी येताना म्हणालास, "अप्पा, दिवस कलला की तिला उजव्या डोळ्याने दिसत नाही, माघारी जाऊन सांगा त्यांना." अरे बाबा, जनावराच्या डोळ्याला कधीमधी पाणी येतं, चार दिवसांनी जातं. ती काय खोड झाली? आणि सांगितलं असतं तर घर मिळालं असतं का? मैनेचा भाव घराच्या किमतीत धरला, तेव्हाच तर सौदा बसला होता. तिरुमलराव जाणते आहेत, गाडीला जुंपतील तेव्हा त्यांच्या लक्षात येईल, दिवसाच्या फेऱ्यांना लावतील. होगली, सोडून दे.

दसरा झाला की ये. मागची खोली तुझी.

तुझा बाप,
नागोजीराव


अग्रहार, म्हैसूर
ता. ११ ऑक्टोबर १९११

चि. फत्तेसिंग,

तुझं उत्तर नाही. आईच्या नावाने एक कार्ड आलं, "बरा आहे" एवढंच. ती ते देव्हाऱ्यात ठेवून बसली आहे.

विजयादशमीच्या मिरवणुकीत रिसाला शमीपूजेला बन्नीमंटपाकडे निघाला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याच्या कडेला गर्दीत उभा होतो. ओळखीच्या एका जवानाने मला पाहून मान वळवली. लाज वाटली असेल त्याला माझी. ते असो.

तिरुमलराव गेले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मद्रासकडचे पाहुणे सूर्यास्त बघायला केरेच्या बांधावर गेले होते. ते उतरून पाण्याकडे गेले, आणि तिरुमलराव एकटेच झटका वळवून घेत होते. अंधारून आलं होतं. घोडी बांधावरून पाण्याच्या बाजूला उतरली, गाडी तिच्या अंगावर पालथी झाली, ते गाडीखाली. पाहुण्यांनी आरडाओरड केली, लोक धावले. दोघंही गेली. ती घोडी मैना होती, हे तुला सांगायला हवं असं नाही.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन आलो. त्यांची बायको वेदवतीबाई भिंतीला टेकून बसली होती. मूलबाळ नाही. रिसाल्यात इतकी माणसं आणि जनावरं पडताना पाहिली, पण मैनेला ओढून बाहेर काढलेली पाहिली तेव्हा नजर आधी तिच्या डोळ्यांकडे गेली. कोणीतरी तिचे डोळे मिटले होते. ते बरं केलं.

काय झालं ते कोणी नीट पाहिलेलं नाही. तू कोणाला काही लिहू नकोस.

नागोजीराव


कुक्करहळ्ळी केरे, म्हैसूर
ता. २८ जानेवारी १९१२

चि. फत्तेसिंग,

पत्त्यावरून कळलं असेल. आम्ही राहायला आलो.

मला वाटलं होतं, घर गेलं. कागद नव्हता, घेणारा-देणारा यांतला एक मेलेला, दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? वेदवतीबाईंच्या शेजाऱ्यांनी त्यांना सांगितलंही, की शिपाईगड्याच्या तोंडच्या शब्दावर घर कुठे देतात, नाही म्हणून मोकळ्या व्हा. खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. नाही म्हणाल्या असत्या तर सगळंच फिटलं असतं. मी गेलोच नाही त्यांच्याकडे. संक्रांतीला त्याच आल्या, अग्रहारात, आपल्या दारात. म्हणाल्या, "अण्णा, ह्यांनी तुम्हाला हात दिला होता. मला त्याच दिवशी सांगितलं होतं, नागोजीरावांसारख्या माणसाकडून जनावर घेतलं, बघायचं काम नाही. ह्यांचा शब्द मी मोडणार नाही. चला, कधी लिहून देऊ?"

तुझ्या आईने त्यांना तिळगूळ दिला, कुंकू लावायला हात पुढे केला, आणि चटकन लक्षात येऊन मागे घेतला. दोघी रडल्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

कचेरीत कागद झाला. त्या बाईने सही करताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका भरवसा. मग जरा संकोचून म्हणाल्या, "मागची खोली काही दिवस द्याल का? तबेला आणि राहतं घर ह्यांच्या कर्जात गेलं. नंजनगुडला भाऊ आहे, पण भावजयीच्या हाताखाली जायला मन घेत नाही." मी नाही कसं म्हणू? ती खोली तुझ्यासाठी ठेवली होती, ती त्यांना दिली.

गृहप्रवेशाला दूध उतू गेलं. आई तीन दिवस कामं टाकून खिडकीत उभी राहते आहे. मला हाक मारून दाखवते, ते बघा बगळे, ती बघा होडी. मी बघतो. खिडकीतून पाणी दिसतं, आणि बांधही दिसतो.

उत्तर पाठव. शिव्या दे, पण पाठव.

अप्पा


कुक्करहळ्ळी केरे, म्हैसूर
ता. १६ जून १९१२

फत्तेसिंग,

तुला लिहिलं नाही तर मी कोणाशी बोलू? म्हणून लिहितो. तू वाचतोस की नाही हे मी आता विचारत नाही.

वेदवतीबाई आणि तुझी आई सख्ख्या बहिणींसारख्या झाल्यात. ही भाकरी तिकडे, ती सारु-भात इकडे. दुपारी दोघी ओट्यावर बसून पत्रावळी लावतात. वेदवतीबाईंना घोड्यांची माहिती आहे, नवऱ्याच्या तबेल्यात पंधरा वर्षं काढली. गेल्या सोमवारी मी ओट्यावर होतो, तर त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही जाणते. मला एक सांगा. ती घोडी इतकी गुणी होती. ह्यांनी सांगितलं होतं, बेखोड आहे. रुळलेला रस्ता, रोजचा बांध. मग ती पाण्यात उतरली कशी?"

आठ महिने झाले, हा प्रश्न माझ्याकडे येणार हे मला ठाऊक होतं. उत्तर तयार ठेवलं नव्हतं असंही नाही. पण तो क्षण आला तेव्हा मी सांगायला तोंड उघडलं होतं, देवीशपथ. आतून तुझ्या आईने विचारलं, "काय म्हणतायत अक्का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "साप आडवा आला असेल. चांगलं जनावरही सापाला बुजतं."

बाई हळूच म्हणाल्या, "नागप्पाचा कोपच असणार. ह्यांनी गेल्या वर्षी उन्हाळ्यात विहिरीमागचं वारूळ खणून काढलं होतं. मी नको म्हणत होते."

आलं का ध्यानात? मी खोड लपवली, आणि पाप गेलं मेलेल्या माणसाच्या डोक्यावर. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, वारुळाचा काही संबंध नाही. नाही सांगितलं. त्या उठून गेल्या आणि त्या दिवसापासून विहिरीमागे दिवा लावायला लागल्या.

अप्पा


कुक्करहळ्ळी केरे, म्हैसूर
ता. २० ऑगस्ट १९१२

फत्तेसिंग,

गोष्ट दिव्यावर थांबली नाही. वेदवतीबाई नंजनगुडच्या शास्त्र्यांना विचारून आल्या. त्यांनी सांगितलं, वारूळ मोडणाऱ्याला पुढच्या जन्मीही दोष सुटत नाही, नागरकल्लु बसवा. म्हणजे नागाची कोरीव शिळा, आपल्याकडे पिंपळाखाली असतात तशी. बाईंकडे सोन्याच्या पाटल्यांची एक जोडी उरली होती, ती गेली. शिळा घडवून आणली, आणि रीतीप्रमाणे एक मंडल, अठ्ठेचाळीस दिवस, केरेच्या पाण्यात बुडवून ठेवली. कुठे ठेवली असेल सांग? बांधाखाली, जिथून मैनेला बाहेर काढलं तिथेच.

परवा नागपंचमीला प्रतिष्ठा झाली. शिळा पाण्यातून काढायला घरातला वडील पुरुष लागतो. त्यांच्या भावाला वेळ नव्हता. म्हणाल्या, "अण्णा, तुम्हीच आता मला वडील." मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि ती शिळा छातीशी धरून वर आणली. जड होती. बांध चढताना दोनदा बसलो. लोकांना वाटलं, वय झालं.

ब्राह्मणांनी तिरुमलरावांचं नाव घेऊन संकल्प सोडला, त्यांचा सर्पदोष जावो म्हणून. मी पहिलं दूध घातलं. तुझ्या आईने एकशे आठ प्रदक्षिणा घातल्या, तू परत यावास म्हणून. पाय सुजलेत तिचे. संध्याकाळी पाय चेपून देत होतो तर म्हणाली, "मेल्याला एका घोडीपायी आईबाप नकोसे झाले. दगडाचं काळीज आहे पोराचं." मी चेपत राहिलो.

मला आता हे घर नको आहे, फत्तेसिंग. पण कोणाला देऊ, आणि काय सांगून देऊ?

अप्पा


कुक्करहळ्ळी केरे, म्हैसूर
ता. १० ऑक्टोबर १९१२

फत्तेसिंग,

हे पत्र घेऊन आलेली तुझी आई आहे. तिला उभं करू नकोस, आधी पाणी दे. बेंगळुरात गाडी बदलायची असते, आयुष्यात ती एकटी आगगाडीत बसलेली नाही.

मी तिला सांगितलं. तिरुमलरावांचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी. जेवणं आटोपल्यावर वेदवतीबाई चार बायकांत म्हणत होत्या, ह्यांनी वारूळ मोडलं त्याचं फळ. आणि तुझी आई त्यांची समजूत घालत म्हणाली, "अक्का, ज्याचं त्याचं कर्म. माझाच पोरगा बघा, बापाने त्याच्यासाठी काय कमी केलं, तरी लाथ मारून गेला." बायका गेल्यावर मी तिला परसात नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मैनेचा डोळा, बेखोड, साप, सगळं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोनच गोष्टी विचारल्या.

"पोराला ठाऊक होतं?"

"होतं."

"सांगा म्हणाला होता?"

"म्हणाला होता."

मग आत गेली, भांडी घासली, आडवी झाली. सकाळी खिडकी लावून घेतली. जी खिडकी तिने थंडीतसुद्धा उघडी ठेवली होती ती. बोचकं बांधलं. मी म्हणालो, "परत कधी येशील?" ती म्हणाली, "मला पोराची माफी मागायची आहे. पुढचं पुढे." मग दारातून माघारी आली आणि बजावलं, "अक्कांना मी सांगणार नाही. तुम्ही पाप तुमच्या तोंडाने केलंत, तोंडानेच सांगा."

तीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. तिला तिकडे ठेवून घे. तिला दम्याची थोडी उबळ येते, गूळ-सुंठ देत जा.

अप्पा


कुक्करहळ्ळी केरे, म्हैसूर
ता. १२ जानेवारी १९१३

फत्तेसिंग,

उत्तराच्या आशेने लिहीत नाही. तीन महिने तोंड उघडलं नाही, हे आधी कबूल करतो. रोज सकाळी ठरवायचो, आणि बाई येऊन विचारायच्या, "अण्णा, वहिनींचं पत्र आलं का? एकटे काय खाता?" आणि ताटात काहीतरी वाढून जायच्या. त्यांच्या हातचं खाऊन मी गप्प बसायचो. एवढा भेकड मी आहे हे मला ठाऊक नव्हतं. रिसाल्यात मला कोणी भेकड म्हटलं असतं तर मी त्याचं नरडं धरलं असतं.

गेल्या आठवड्यात सांगितलं. घराचा कागद हातात घेऊन त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेलो, आत नाही गेलो. म्हणालो, मैनेला संध्याकाळी दिसत नव्हतं, मला ठाऊक होतं, मी ते लपवलं. साप वगैरे काही नव्हता. हे घर तुमचं, कागद घ्या.

बाईंनी विचारलं, "म्हणजे वारुळाचं काही नव्हतं?"

"नव्हतं."

"मग मी त्यांना उगीच बोल लावला, अण्णा. रोज, दिवा लावताना."

मी कागद पुढे केला. त्यांनी हात मागे घेतले. म्हणाल्या, "हात त्यांनी दिला होता. खोटं तुम्ही बोललात, ते नाही बोलले. त्यांचा शब्द मी तुमच्यासाठी कशाला मोडू? घर तुमचंच." मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो तर आत सरकल्या आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी भाऊ बैलगाडी घेऊन आला. ज्या भावजयीच्या हाताखाली जायचं नव्हतं, तिच्याकडेच गेल्या. शिव्याशाप काही नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "प्रतिष्ठा झालेला नाग उपाशी ठेवता येत नाही. मी नसेन. दर पंचमीला दूध घालत जा."

तेव्हा घर आता माझं आहे. पाची दारं, मागच्या खोलीसकट. बेंगळुराचा एक दलाल परवा येऊन गेला, पुढच्या दसऱ्याला पाहुण्यांना देता का म्हणून. तळं दिसतं ना, भाव चांगला येईल म्हणाला.

एक गोष्ट आणखी लिहितो, नाही तर तीही पोटात ठेवीन. आज पंचमी. दूध घेऊन शिळेपाशी गेलो होतो. केरे बघायला आलेलं एक कुटुंब तिथे थांबलं होतं, नवरा, बायको, म्हातारी आई. म्हातारीने हात जोडले आणि मला कानडीत विचारलं, "आजोबा, हा नाग इथे कशासाठी बसवला?" तिला सांगण्यात माझं काय जाणार होतं? ओळख ना देख, घडीभरात गाडीत बसून निघून जाणारी माणसं. आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? "इथे साप आडवा आला होता, आम्मा. घोडी बुजली." शब्द आपोआप आले. म्हातारी "शिव शिव" म्हणाली आणि शिळेला कुंकू लावून गेली.

हेही आईला वाचून दाखव.

नागोजीराव